घरच्या घरी कॉस्मिक रे बघायचा आहे? क्लाऊड चेंबर असं करा

कॉस्मिक रे म्हणजे अवकाशातून प्रचंड वेगाने येणारे सूक्ष्म कण आणि क्लाऊड चेंबर म्हणजे अल्कोहोलच्या थंड वाफेने भरलेली पेटी, तिच्यातून कण गेला की त्याच्या वाटेवर थेंब जमून रेघ दिसते. सामान थोडंच लागतं. काचेचा छोटा फिश टँक, काळा रंग दिलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, फेल्टचा तुकडा, 99 टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल (मेडिकलमधलं 70 टक्केवालं चालत नाही, त्यात पाणी असतं) आणि दोन-तीन किलो ड्राय आइस (म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड).

फेल्ट टँकच्या तळाला आतून बसवा, पण गमने नको, अल्कोहोलमध्ये गम सुटतो, काचेच्या दोन्ही बाजूंनी मॅग्नेट लावले की झालं. फेल्ट चांगला भिजवा, टँक पत्र्यावर उपडा ठेवा, कडा मुलांच्या क्लेने बंद करा आणि पत्रा ड्राय आइसवर सपाट बसवा. ड्राय आइस उणे 78 डिग्री असतो, जाड हातमोजे हवेतच, खिडक्या उघड्या हव्यात आणि आसपास गॅस, उदबत्ती काहीही पेटतं नको.

आता लाईट बंद करा, बाजूने टॉर्च मारा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. आधी नुसता पाऊस पडल्यासारखं दिसेल, मग पत्र्यापासून बोटभर उंचीवर पांढरी रेघ उमटते आणि दोन सेकंदात विरते. आखूड जाड रेघ म्हणजे अल्फा कण, बहुतेक हवेतल्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूचा, वेडीवाकडी म्हणजे इलेक्ट्रॉन आणि लांब, बारीक, सरळ रेघ दिसली तर तो बहुधा म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण बराच जड कण), त्याचीच वाट बघायची.

हा म्युऑन साधारण 15 किलोमीटर वर, कॉस्मिक रे हवेवर आदळल्यावर तयार होतो. त्याचं आयुष्य सरासरी 2.2 मायक्रोसेकंद, तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम 660 मीटर जातो, तरी हा आपल्या टेबलापर्यंत पोचतो कारण इतक्या वेगात त्याचं घड्याळ आपल्या मानाने हळू चालतं. आइनस्टाइनचं म्हणणं डोळ्यांसमोर, मला तर दर वेळी अंगावर काटा येतो!

आणि सगळ्यात ताकदवान कॉस्मिक रे येतात कुठून हे अजून कोणालाच माहीत नाही. 2021 च्या मे महिन्यात अमेरिकेत युटाच्या वाळवंटात टेलिस्कोप ॲरे या डिटेक्टरच्या जाळ्याला 'अमातेरासू' नावाचा एक कण सापडला, एनर्जी साधारण 240 एक्साइलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची एनर्जी मोजायचं एकक), म्हणजे एलएचसी या युरोपातल्या कण आदळवणाऱ्या महाकाय यंत्रातल्या प्रोटॉनच्या कोट्यवधी पट, आणि तो ज्या दिशेने आला तिकडे बघितलं तर जवळजवळ मोकळी जागा, गॅलेक्सीच फारशा नाहीत. तो वाटेत मॅग्नेटिक फील्डने वळला की काही वेगळंच आहे, यावर अजून काम चालू आहे.

रेघा दिसल्याच नाहीत तर टँकच्या वर कोमट पाण्याची पिशवी ठेवा आणि क्लेमध्ये फट आहे का बघा. उरलेला ड्राय आइस डब्यात घट्ट बंद करू नका, डबा फुटतो, गच्चीवर मोकळ्या हवेत ठेवा, आपोआप उडून जाईल.