काळ्या पाइपला सोल्युशन लावू नका: प्लास्टिक न ओळखल्यामुळे होणाऱ्या चुका

उन्हाळा लागला की विहिरीवरची लाइन कुठं ना कुठं फुटतेच. तालुक्याहून सोल्युशनचा डबा येतो, पाइप घासून सांधला जातो आणि मोटर चालू केली की सांधा निसटतो. शिव्या सोल्युशनला बसतात. त्याचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा पाइपच दुसऱ्या प्लास्टिकचा निघतो.

सोल्युशन हा चिकटवणारा गोंद नाही. त्यातला द्रावक पीव्हीसीचा वरचा थर विरघळवतो. मग दोन्ही तुकड्यांतल्या लांबच लांब रेणूसाखळ्या एकमेकींत गुंततात, द्रावक उडून जातो आणि सलग पाइप उरतो. पीव्हीसीत वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं, त्यामुळे हे द्रावक त्याला मानवतात. काळा एचडीपीई (पॉलिथिनचाच एक कडक प्रकार) म्हणजे नुसता कार्बन आणि हायड्रोजन, साखळ्या सरळ आणि दाटीने रचलेल्या. साध्या तापमानाला त्याला विरघळवेल असा द्रावक नाहीच. कपलर (दोन टोकं आवळून धरणारा जोड) लावा, नाहीतर टोकं तापवून जोडणारा माणूस बोलवा. ट्यूबची पट्टी आवळून चार दिवस निघतात, तेही दाब कमी असेल तर.

रंगावर विसंबू नका. पाइपवरचा छाप वाचा: आयएस (भारतीय मानक) ४९८५ म्हणजे पीव्हीसी, आयएस ४९८४ म्हणजे पॉलिथिन. एका आकड्याचा फरक, पण सांधा त्यावरच ठरतो. छाप पुसला असेल तर नखाएवढा तुकडा पाण्यात बुडवून सोडा. पॉलिथिन वर येतं, पीव्हीसी तळाला बसतं. तुकड्याला हवेचा बुडबुडा चिकटलेला नाही एवढं बघा.

दुसरी चूक भर दुपारी होते. तापलेला एचडीपीई ताणून चरात टाकतात आणि लगेच माती लोटतात. तापमान ३० अंशांनी उतरलं की १०० मीटरचा पाइप साधारण अर्धा मीटर आखडू पाहतो आणि कपलरमधून सुटतो. थोडा नागमोडी टाका, माती सकाळी लोटा.

पांढरा पीव्हीसी मात्र बांधावर उघडा ठेवूच नये. उन्हातले अतिनील किरण त्याच्या साखळ्या तोडतात. पाइप पिवळट, ठिसूळ होतो. शिवाय पाइप किती दाब सोसेल याचा त्यावर छापलेला आकडा २७ अंशांसाठी असतो, मे महिन्यातल्या बीड-परभणीच्या उन्हासाठी नाही. ठिबकच्या नळ्या तग धरतात त्या त्यांच्यातल्या काजळीमुळे. ती किरणं स्वतःच शोषून घेते.

हाताला लागेल त्या ड्रममध्ये पाणी भरायचं, ही सवय आपल्याला टंचाईने लावली. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या भागात ड्रमचं मोल वेगळं सांगायला नको. तरीही कीटकनाशकाचा किंवा रसायनाचा जुना ड्रम पिण्याच्या पाण्याला नकोच. तेलकट रसायनं पॉलिथिनच्या आतपर्यंत मुरतात आणि पुढे हळूहळू पाण्यात उतरतात. कितीही घासलं तरी आत मुरलेलं निघत नाही.

फुटलेला जुना बॅकेलाइटचा (कडक, गडद रंगाच्या प्लास्टिकचा) स्विच तापवून जोडायला जाऊ नका. त्याच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधलेल्या असतात. तो वितळत नाही, करपतो.

उरलेले तुकडे बांधावर पेटवणं सगळ्यात वाईट. पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड हा आम्लधर्मी वायू असतो, घशाला झोंबतो तो तोच. भंगारात देतानाही मल्चिंगचा (जमिनीवर अंथरायचा) कागद आणि ठिबकच्या नळ्या या पॉलिथिनच्या मालातून पीव्हीसी वेगळं काढा. पॉलिथिन वितळवायच्या उष्णतेला पीव्हीसी करपू लागतं आणि सगळा माल नासवतं.