बाटली, जाळी आणि काठी: झेल्डात तलवारीविना लढताना या चुका टाळा

'द लेजंड ऑफ झेल्डा' या व्हिडिओ गेम मालिकेत नायक लिंकची ओळख तलवारीने, पण निन्टेन्डोच्या मंडळींनी काही बॉसच्या (टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या शत्रूच्या) लढतींत एक गंमत सोडून ठेवली आहे. १९९१च्या 'अ लिंक टू द पास्ट'मध्ये जादूगार अगानिमचा मारा किडे पकडायच्या जाळीने त्याच्यावरच उलटवता येतो. १९९८च्या 'ऑकरिना ऑफ टाइम'मध्ये तेच काम रिकामी बाटली करते. समोर साक्षात खलनायक गॅननडॉर्फ, त्याने सोडलेला ऊर्जेचा गोळा, आणि लिंकच्या हातात दुधाची किंवा औषधाची मोकळी बाटली! बहुतेकांना ही युक्ती कुणाकडून तरी ऐकून कळते. मग ते करून बघतात, दोन-तीनदा मरतात आणि ऐकीव थाप म्हणून सोडून देतात. थाप नाही, बाटली खरंच चालते. फसतं ते ठरावीक जागी.

बाटली भरलेली असते

सगळ्यात जास्त लोक इथेच आपटतात. बॉसच्या दारात पोहोचेपर्यंत शहाणा खेळाडू चारही बाटल्या भरून घेतो: दोनांत परी, एकात लाल औषध, एकात हिरवं. एरवी ही तयारी उत्तमच. पण बाटली फिरते ती फक्त रिकामी असताना. भरलेली असेल तर तेच बटण दाबल्यावर लिंक औषध प्यायला लागतो किंवा परीला मोकळं करतो, आणि तेवढ्यात गोळा छातीवर आदळतो. परीचं नुकसान तर फारच वाईट. ती बाटलीत असती तर लिंक मरताना आपोआप बाहेर येऊन त्याला उठवणार होती. तुम्ही तिला हृदयं जवळपास भरलेली असताना उधळून टाकलंत.

तेव्हा चारांतली एक बाटली मोकळी ठेवा. परी, मासा किंवा किडा जवळ असताना उगाच फिरवून बघू नका, नाहीतर जे समोर येईल ते आत जाऊन बसेल. ज्यांच्याकडे चार बाटल्याच नाहीत त्यांच्यासाठी: एक काकारिको गावात कोंबड्या गोळा करून मिळते, एक लॉन लॉन रँचवर टॅलनचा कोंबड्या ओळखायचा खेळ जिंकून, एक हायलिया तळ्याच्या तळाशी रुटोच्या चिठ्ठीसकट (चिठ्ठी किंग झोराला दाखवली की बाटली आपली), आणि चौथी मोठा लिंक झाल्यावर (या गेममध्ये तो लहान आणि मोठा अशा दोन्ही वयांत येतो), घोड्यावरून दहा बिग पो म्हणजे मोठी भुतं मारून, बाटलीत पकडून आणि भुतं घेणाऱ्याला विकून. शेवटची फार वेळखाऊ आहे. नुसत्या या युक्तीसाठी तिच्या मागे लागू नका, तीन पुरतात.

बाटलीकडून तलवारीची अपेक्षा

बाटली कुणालाही जखमी करत नाही. ती फक्त समोरच्याचा वार त्याला परत करते. ही साधी गोष्ट विसरली की पुढचं सगळं बिघडतं.

फॉरेस्ट टेंपलमधला फँटम गॅनन, म्हणजे गॅननडॉर्फचं भुतासारखं रूप, घ्या. पहिल्या टप्प्यात तो घोड्यावरून चित्रांमधून येतो, तिथे धनुष्य कामी येतं. बाटली काढून उभं राहण्यात अर्थ नाही. तो घोडा सोडून हवेत तरंगू लागला आणि गोळे फेकू लागला की टोलवाटोलवी सुरू होते. तुम्ही टोलवलात की तोही परत टोलवतो, असं करता करता एकदा त्याचं चुकतं आणि तो खाली कोसळतो. आता मारायचं कशाने? बाटलीने नाही. म्हणजे बाटलीबरोबर खरा वार करणारं काहीतरी हाताशी हवंच.

गॅननडॉर्फच्या लढतीत तर आणखी एक पायरी आहे. गोळा लागून तो गडबडला की लगेच लाइट अ‍ॅरो, म्हणजे प्रकाशाचा बाण, मारावा लागतो, मगच तो खाली येतो. बाणाला मॅजिक, म्हणजे जादूची शक्ती, लागतं. त्यामुळे निन्टेन्डो ६४वर वस्तूंसाठी असलेल्या तीन सी-बटणांपैकी एकावर बाटली आणि एकावर लाइट अ‍ॅरो, हे दाराबाहेरच ठरवून घ्या. लढत चालू असताना मेनू उघडून शोधाशोध केली तर हाताची लय जाते आणि पुढचा गोळा बहुधा अंगावर येतो. २०११च्या थ्रीडीएस आवृत्तीत वस्तूंना जास्त जागा आहेत, तिथे ही ओढाताण कमी.

गॅननडॉर्फ हात वर करून मोठा मारा जमवतो आणि मग एकदम बरेच गोळे येतात, तेव्हा बाटलीचा नाद सोडा. तलवार असेल तर गोल फिरवून मारायचा चार्ज केलेला वार, नसेल तर सरळ पळ काढा.

घाई, आणि फार जवळ उभं राहणं

प्रत्येक टोल्यागणिक गोळ्याचा वेग वाढतो. पहिला परतवणं सोपं असतं, म्हणून लोक जागा बदलत नाहीत. तिसऱ्या-चौथ्याला हात उशिरा पडतो. सुरुवातीलाच लांब जाऊन उभे राहा, झेड-टार्गेट (शत्रूवर नजर खिळवून ठेवायचं बटण) धरून ठेवा आणि गोळ्याकडे बघा, बॉसकडे नको. बटण बडवत राहणं तर सर्वांत वाईट, कारण एक फिरवणं संपेपर्यंत दुसरं सुरू होत नाही. बॅडमिंटन खेळणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागणार नाही.

स्विचवर जुना गेम खेळणाऱ्यांची एक वेगळी तक्रार असते. तिथे सी-बटणं उजव्या स्टिकवर येतात, आणि घाईत अंगठा तिरका गेला की भलतीच वस्तू निघते. बाटली अशा दिशेला ठेवा जिथे तुमचा अंगठा न चुकता जातो. माझं मत डावी-उजवी दिशा वापरा, खालची नको.

अगानिमचे सगळेच गोळे परतवायला जाणं

'अ लिंक टू द पास्ट'मध्ये जाळी मिळते काकारिकोतल्या आजारी मुलाकडून, पण तुमच्याकडे आधी बाटली हवी. तिथलाच एक विक्रेता बाटली १०० रुपीला (रुपी हे गेममधलं चलन) विकतो. सरळ खेळत असाल तर अगानिमपर्यंत पोहोचायला मास्टर सोर्ड ही लिंकची खास तलवार लागतेच, त्यामुळे जाळी हौसेची गोष्ट. खरा उपयोग होतो तो रँडमायझरच्या (वस्तूंच्या जागा उलटसुलट करणाऱ्या चाहत्यांच्या आवृत्तीच्या) तलवारविरहित प्रकारात. तिथे किल्ल्याच्या मनोऱ्यापुढचा अडसर हातोड्याने फुटतो आणि अगानिमला जाळीने हरवता येतं.

चूक अशी होते, की जाळी चालते म्हटल्यावर लोक येईल ते झोडपतात. एकसंध मोठा गोळा तेवढा परतवा. लहान गोळ्यांचा झुबका आला तर जाळी आवरा, कारण त्याला मारलं की तो फुटून चारी दिशांना उडतो. आणि अगानिम खोलीच्या वरच्या बाजूला मधोमध जाऊन थांबला की वीज खाली सोडणार. विजेला जाळी नाही, ढाल नाही. बाजूला सरका.

डेकू स्टिक जपून ठेवणं

'ऑकरिना'तल्या लहान लिंकसाठी पर्यायी हत्यार म्हणजे डेकू स्टिक, एक लाकडी काठी. एक टोला हाणला की मोडते, म्हणून बरेच जण ती फक्त कोळ्यांची जाळी जाळायला वापरतात. हा कंजूषपणा महागात पडतो. काठीचा फटका कोकिरी तलवारीच्या दुप्पट बसतो, उडी मारून हाणली तर त्याच्याही दुप्पट. क्वीन गोहमा या बॉसच्या डोळ्यावर गलोलीने नेम साधून तिला छतावरून पाडलं, की उडी मारून तीन काठ्यांत खेळ आटोपतो. कोकिरी दुकानात एक काठी १० रुपीला मिळते. जपायचं ते भिंतीपासून, भिंतीवर आपटली तरी ती मोडतेच. पेटवलेली काठी काम झाल्यावर जळून संपायच्या आत खाली ठेवली तर वाचते.

ही सोय बालपणापुरतीच, मोठ्या लिंकला काठी वापरता येत नाही.

शेवटच्या लढतीत तलवारीमागे धावणं

'ऑकरिना'च्या शेवटी गॅनन, म्हणजे गॅननडॉर्फचं अक्राळविक्राळ रूप, लिंकच्या हातातली मास्टर सोर्ड उडवून आगीच्या कड्याबाहेर फेकतो. तुम्ही बिगोरॉनची तलवार धरून आत गेलात तरी मास्टर सोर्ड जातेच. नवखा खेळाडू तिच्या दिशेने पळतो आणि आगीत भाजून घेतो. इथे बाटलीचाही उपयोग नाही, कारण परतवायला गोळाच नाही. मेगाटन हातोडा सी-बटणावर हवा. लाइट अ‍ॅरोने त्याचं तोंड गाठून त्याला थबकवा, पायांमधून गडगडत मागे जा, शेपटीवर हातोडा हाणा. पुरेसा मार बसला की आग उतरते आणि तलवार उचलता येते. तिच्याशिवाय अखेरचा घाव घालता येत नाही.

२००६च्या 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मध्ये तलवारीच्या अंतिम द्वंद्वात मासेमारीचा गळ टाकला तर गॅननडॉर्फ त्याच्याकडे टक लावून बघत राहतो. पण गळ फिरवत बसून गंमत बघायची नाही. त्याची नजर तिकडे वळली की लगेच तलवारीने वार करायचा.