हळदीचा अर्क पीएलजीएच्या नॅनोकणांत भरण्याची रीत

वनस्पतीच्या अर्काने चांदीचे नॅनोकण बनवणे आणि वनस्पतीचा अर्कच वाहक कणात भरून शरीरात पोचवणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात अर्क अभिक्रियेला मदत करतो, दुसऱ्यात तोच औषध असतो. इथे दुसऱ्या कामाची प्रयोगशाळेतली रीत दिली आहे. वाहक कण पीएलजीए या हळूहळू तुटणाऱ्या पॉलिमरचे आहेत. उदाहरणाला हळद घेतली, कारण तिची कर्क्युमिनॉइड (पिवळा रंग देणारी द्रव्ये) पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, अल्कलीत आणि उजेडात लवकर नासतात आणि पिवळ्या रंगामुळे मोजायला सोपी पडतात. या कामात सर्वाधिक महत्त्व मोजणीलाच आहे. टाकलेला प्रत्येक मिलिग्रॅम शेवटी कुठे गेला, हे सांगता आले पाहिजे.

अर्क

हळदीची १० ग्रॅम कोरडी पूड प्रत्येकी ५० मिली हेक्झेनमध्ये दोनदा ढवळून गाळा. यात तेल निघून जाते. तेल राहिले तर कण मऊ होतात आणि एकमेकांना चिकटतात. पूड फ्यूम हूडमध्ये वाळवा, मग १०० मिली इथेनॉलमध्ये २४ तास अंधारात ढवळत ठेवा. गाळून रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंश सेल्सिअसला इथेनॉल उडवा. उरलेला अर्क व्हॅक्यूममध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि गडद बाटलीत उणे २० अंशांवर ठेवा.

आता अर्कात कर्क्युमिनॉइड किती आहेत ते ठरवा. शुद्ध कर्क्युमिनची मिथेनॉलमधली १ ते ५ मायक्रोग्रॅम प्रति मिली अशी द्रावणे करून ४२५ नॅनोमीटरला शोषण मोजा आणि कॅलिब्रेशनची रेषा काढा. या मोजणीत कर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडे एकत्रच येतात. ती वेगळी हवी असतील तर एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) लागते. ही पायरी गाळून पुढे गेलेल्या कामात ‘१० मिग्रॅ अर्क दिला’ या वाक्याला काहीच अर्थ उरत नाही, कारण अर्काची पुढची खेप वेगळी निघते.

कण बनवणे

पाण्याचा भाग आदल्या दिवशी तयार करा. ८७ ते ८९ टक्के हायड्रोलाइज्ड पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा पॉलिमर) १ टक्का प्रमाणात गार पाण्यात भुरभुरत टाका, मग ८० ते ८५ अंशांवर ढवळून पूर्ण विरघळवा. थंड झाल्यावर ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा. गरम पाण्यात एकदम पूड ओतली तर गुठळ्या होतात आणि त्या पुढे मोठे कण म्हणून दिसतात.

५० मिग्रॅ पीएलजीए (लॅक्टिक व ग्लायकोलिक घटकांचे प्रमाण ५०:५०, रेणुभार २४ ते ३८ हजार) आणि ५ मिग्रॅ अर्क ५ मिली ॲसिटोनमध्ये विरघळवा. द्रावण पारदर्शक हवे. तळाशी काही राहिले तर गाळा आणि गाळलेल्या द्रावणातले कर्क्युमिनॉइड पुन्हा मोजा. २० मिली पीव्हीए द्रावण ६०० आरपीएमवर ढवळत ठेवून त्यात हे ॲसिटोन मिनिटाला १ मिली या वेगाने सोडा. सुईचे टोक पाण्याखाली, ढवळणाऱ्या चुंबकाच्या जवळ असू द्या. थेंब वरून पडले तर पृष्ठभागावर पॉलिमरचा पापुद्रा धरतो. दुधाळ पिवळी झाक लगेच यायला हवी. भांड्याला भोके पाडलेली ॲल्युमिनियमची फॉइल लावून फ्यूम हूडमध्ये किमान ४ तास ढवळा, म्हणजे ॲसिटोन उडते आणि उजेडही लागत नाही. औषधात शिल्लक राहणाऱ्या ॲसिटोनसाठी आयसीएचची (औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारी संस्था) मर्यादा ५००० पीपीएम आहे. डायक्लोरोमिथेनची मात्र ६०० पीपीएम आहे, म्हणून जमेल तिथे ॲसिटोनच वापरावे.

एक थेंब ४०० पट मोठा करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. नारिंगी सुयांसारखे स्फटिक दिसले तर अर्क कणात न जाता बाहेरच साचला आहे. अर्क कमी करा किंवा पॉलिमर वाढवा. ढवळण्याचा वेग वाढवून हा दोष जात नाही.

वेगळे करणे आणि हिशेब

आधी सेंट्रिफ्यूजमध्ये १००० जीवर (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट बळ) १० मिनिटे फिरवा. तळाशी बसतात ते स्फटिक आणि मोठे गोळे. तो गाळ फेकू नका. वरचे द्रव १५,००० जीवर ४ अंशांना ३० मिनिटे फिरवून कण खाली बसवा आणि दोनदा शुद्ध पाण्याने धुवा. ७.४ पीएचच्या बफरने धुऊ नका, त्यात कर्क्युमिन नासू लागते. वेग आरपीएममध्ये नव्हे, जीमध्ये लिहून ठेवा. रोटर बदलला की आरपीएमचा आकडा निरुपयोगी होतो.

इथे बऱ्याच जणांची गणिते चुकतात. नेहमीची पद्धत अशी: वरच्या पाण्यात किती अर्क राहिला ते मोजायचे, एकूणातून वजा करायचे आणि उरलेला कणांत गेला असे धरायचे. पाण्यात विरघळणाऱ्या औषधाला हे चालते. कर्क्युमिन मात्र पाण्यात राहतच नाही. बाहेर पडलेले स्फटिकही या गणितात ‘कणांत’ धरले जातात.

समजा अर्कात ६० टक्के कर्क्युमिनॉइड आहेत, म्हणजे ५ मिग्रॅ अर्कातून ३ मिग्रॅ कर्क्युमिनॉइड टाकले गेले. धुतलेल्या कणांत २.१ मिग्रॅ, गाळात ०.५ आणि वरच्या पाण्यात व धुवणात मिळून ०.२ सापडले. बेरीज २.८. उरलेले ०.२ भांड्याला चिकटले किंवा नासले. कणांत गेलेले प्रमाण ७० टक्के, पण वजाबाकीच्या पद्धतीने तेच ९३ टक्के दिसते. वाळलेल्या कणांचे वजन ४२ मिग्रॅ असेल तर लोडिंग, म्हणजे कणांच्या वजनातला कर्क्युमिनॉइडचा वाटा, ५ टक्के.

कणांतले थेट मोजायला २ मिग्रॅ कोरडे कण १ मिली ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळवा आणि मिथेनॉलने १० मिली करा. पीएलजीए पांढरट होऊन खाली बसते. ते फिरवून काढा, वरचे द्रावण तीन पट विरळ करा आणि ४२५ नॅनोमीटरला मोजा. रिकाम्या कणांवर हीच कृती करून येणारे शोषण वजा करा.

आकार डीएलएसवर (विखुरलेल्या लेझर प्रकाशावरून कणांचा आकार काढणारे यंत्र) पाहा. पीडीआय (कणांच्या आकारात किती फरक आहे याचा आकडा) ०.२ च्या आत असेल तर खेप चांगली. झीटा पोटेन्शियल (कणाच्या पृष्ठभागावरच्या विद्युतभाराचे माप) शून्याजवळ आले तरी घाबरू नका, पृष्ठभागावर राहिलेला पीव्हीए पीएलजीएचा ऋणभार झाकतो. हिरव्या पानांचा अर्क असेल तर क्लोरोफिल लाल लेझरचा प्रकाश शोषून चमकते आणि वाचन बिघडवते. तिथे अरुंद पट्ट्याचा फिल्टर लावा.

साठवणीसाठी कण ५ टक्के ट्रेहॅलोजमध्ये (गोठताना कणांना जपणारी साखर) उणे ८० अंशांवर गोठवून फ्रीझ ड्राय करा. पाण्यात ठेवलेले पीएलजीए हळूहळू तुटते. लोडिंग काढताना पुडीच्या वजनातून ट्रेहॅलोज वजा करायला विसरू नका.

सोडणे आणि पेशींवरची चाचणी

कण १२ ते १४ हजार रेणुभारापर्यंतचेच रेणू बाहेर सोडणाऱ्या डायलिसिस पिशवीत भरून ३७ अंशांच्या, ७.४ पीएचच्या बफरमध्ये ठेवा. बफरमध्ये ०.५ टक्के ट्वीन ८० (साबणासारखे विरघळवणारे द्रव्य) घाला, नाहीतर कणाबाहेर आलेला अर्क विरघळायला जागाच नसते आणि ‘मंद गतीने सोडतो’ असा खोटा निष्कर्ष निघतो. कणांत न भरलेल्या अर्काचे द्रावण दुसऱ्या पिशवीत ठेवून तीच चाचणी समांतर चालवा. शेवटी पिशवीत उरलेलेही मोजा. बाहेर आलेले आणि आत उरलेले यांची बेरीज कमी भरली तर तेवढे नासले आहे.

पेशींवर चार नमुने लागतात: भरलेले कण, रिकामे कण, कर्क्युमिनॉइडच्या तितक्याच मात्रेचा मोकळा अर्क आणि नुसते माध्यम. एमटीटी चाचणीत जिवंत पेशी एमटीटी या द्रव्याचे क्षपण करून रंग आणतात, पण कर्क्युमिनसारखी पॉलिफेनॉल स्वतःच एमटीटीचे क्षपण करतात, त्यामुळे मेलेल्या पेशीही जिवंत भासू शकतात. पेशी न टाकलेल्या खळग्यांत प्रत्येक मात्रा वेगळी तपासा.

अर्क पाण्यात विरघळणारा असेल तर ही रीत वापरू नका, तो कणाबाहेरच राहील. तिथे कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पॉलिमर) घ्या: १ टक्का ॲसेटिक आम्लात १ मिग्रॅ प्रति मिली, पीएच ५ च्या आसपास. त्यात अर्क मिसळून १ मिग्रॅ प्रति मिली टीपीपीचे (ट्रायपॉलिफॉस्फेट, कायटोसानचे रेणू जोडणारे द्रव्य) द्रावण थेंबाथेंबाने सोडा. कायटोसान आणि टीपीपीचे वजनी प्रमाण ५:१ पासून सुरू करा. निळसर झाक दिसली की थांबा, त्यापुढे गुठळ्या होतात. टॅनिन जास्त असलेला अर्क टीपीपी घालण्याआधीच कायटोसानशी जुळून साका धरतो. तसे झाले तर अर्क विरळ करा.