पाळकाचे स्वतःचे वाचन: स्तोत्रे तारखेनुसार
पवित्र शास्त्र म्हणजे बायबल उघडले की पाळकाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची, नजर आपोआप रविवारच्या उपदेशाचे मुद्दे शोधू लागते आणि प्रार्थनेला बसलेला माणूस पाच मिनिटांत टिपणे काढू लागतो. यावर सोपा उपाय म्हणजे स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधील १५० स्तोत्रांचे पुस्तक, तारखेनुसार वाचणे. आज ७ तारीख असेल, तर ७, ३७, ६७, ९७ आणि १२७ ही स्तोत्रे वाचावीत. असे दर वेळी ३० मिळवत गेल्याने १५० स्तोत्रे ३० दिवसांत पूर्ण होतात आणि निवड आपल्या हाती नसल्यामुळे आवडत्या २३व्या स्तोत्राकडेच पुन्हा पुन्हा वळता येत नाही. २९ तारखेला मात्र १७६ वचनांचे ११९वे स्तोत्र येते. ते ३१ तारखेसाठी राखावे, किंवा आठ-आठ वचनांच्या त्याच्या २२ भागांपैकी एकेक भाग रोज घ्यावा. वाचन मोठ्याने करावे आणि ज्या ओळीपाशी आवाज अडखळेल, तिथेच थांबून नुकतीच भेट दिलेल्या घरातील माणसांची नावे घेऊन प्रार्थना करावी. २८ तारखेचे ८८वे स्तोत्र अंधारातच संपते. शोकात बुडालेल्या कुटुंबासाठी मला तरी त्याहून प्रामाणिक शब्द सापडलेले नाहीत. उपदेशासाठी काही सुचलेच, तर ते वेगळ्या वहीत एका शब्दात टिपून वही मिटावी.