एटीव्हीचं हँडल जड लागतंय? आधी हे बघा

मुंबईहून शनिवार-रविवार कर्जतच्या शेतावर एटीव्ही (कच्च्या वाटेवर चालणारी, जाड टायरची, हँडलवाली चारचाकी) चालवायला जाता ना? हँडल जड झालं म्हणून लगेच पॉवर स्टिअरिंगचं किट मागवू नका. पुढच्या टायरची हवा तपासा, टायर गार असताना. बहुतेक एटीव्हींना जेमतेम 4 ते 7 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागते, म्हणून गेज कमी दाबाचाच हवा. मग पुढची चाकं जॅकवर उचलून हँडल फिरवा. तरीही अडकलं तर स्टिअरिंगच्या दांड्याचा बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) बघा. पावसाळ्यानंतर माझ्या गाडीत तिथे चिखल वाळून दगड झाला होता. साफ करून ग्रीस लावलं, हात मोकळा झाला. रुंद हँडलबारनेही जोर कमी लागतो. स्टिअरिंग डॅम्पर मात्र फक्त हँडलला बसणारे झटके शोषतो, हँडल हलकं करत नाही. आणि पुढच्या चाकांना व्हील स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) कृपा करून लावू नका, हँडल आणखी जड होतं.