इजेच्या दाव्यांत पाळतीचे काम: नव्याने येणाऱ्यांसाठी

अपघातात इजा झालेल्या व्यक्तींच्या दाव्यांची चौकशी मी विमा कंपन्यांच्या वतीने बरीच वर्षे केली आणि आता या कामात नव्याने आलेल्यांचे अहवाल तपासते. पाळत ठेवणे म्हणजे लपून चित्रीकरण करणे, एवढीच कल्पना घेऊन बहुतेक जण येतात आणि कॅमेरा कोणता घ्यावा हे सर्वांत आधी विचारतात. ज्याचे घड्याळ बिनचूक आहे आणि ज्यातील मूळ फाइल कापाकापी न करता जपून ठेवता येते, तो कोणताही कॅमेरा चालतो. खरे काम त्याच्या कितीतरी आधी, कागदांवर सुरू होते.

दावेदाराने नेमके काय म्हटले आहे हे ठाऊक नसेल, तर तो रस्त्यावर काय करतो याला पुरावा म्हणून काहीच किंमत नसते. ‘मला आधाराशिवाय चालता येत नाही’ आणि ‘थोडे चालले की पाठ दुखते, मग बसावे लागते’ या दोन विधानांत मोठा फरक आहे. पहिले विधान करणारी व्यक्ती काठीशिवाय बाजारात फिरताना दिसली, तर विसंगती उघड आहे. दुसऱ्या व्यक्तीचे तेच चित्रीकरण तिच्या म्हणण्याला धक्का लावत नाही, उलट ती मध्येच कठड्याला टेकून थांबलेली दिसली तर तिच्या दाव्याला पुष्टीच मिळते. म्हणून फाइल हाती आली की दाव्याचा अर्ज, दावेदाराचा जबाब, डॉक्टरांचे अहवाल आणि रजेच्या नोंदी वाचून, त्याच्या क्षमतेविषयीचे प्रत्येक विधान तारखेसह एका कागदावर उतरवून काढावे. तारीख सोडू नये, कारण इजा बरी होत असते. मार्चमध्ये खांद्याच्या वर न जाणारा हात सप्टेंबरमध्ये वर गेला, तर तो व्यायामोपचाराचा परिणाम असू शकतो, आणि हालचाल वाढवा असे डॉक्टरांनीच सांगितल्याची नोंद त्याच फाइलमध्ये सापडते.

पाळत खर्चिक असल्यामुळे ती प्रत्येक दाव्यात ठेवली जात नाही. रक्कम मोठी असते किंवा कागदपत्रांतच काही जुळत नाही, तेव्हा ती सुचवली जाते. अशा वेळी क्लेम अधिकाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: कोणते विधान पडताळून पाहायचे आहे? ‘माणूस संशयास्पद वाटतो’ याखेरीज उत्तर मिळाले नाही, तर काम घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

वैद्यकीय तपासणीचा दिवस पाळतीसाठी अनेकदा निवडला जातो, कारण त्या दिवशी दावेदार कोठे आणि किती वाजता येणार हे आधीच माहीत असते, आणि दवाखान्यात शिरतानाची चाल तासाभराने बाहेर कोपऱ्यावर दिसणाऱ्या चालीशी ताडून पाहता येते. ही तुलना कधी कधी खरोखर निर्णायक ठरते. मात्र तपासणीत हातपाय वाकवल्यामुळे दुखणे वाढलेलेही असू शकते, आणि दवाखान्यात जाण्यापूर्वी वेदनाशामक घेतले असण्याचीही शक्यता असते, त्यामुळे केवळ त्या एका दिवसावर निष्कर्ष उभा करू नये.

वेदना चित्रीकरणात दिसत नाही. दावेदाराने उचललेल्या खोक्यात पुस्तके होती की थर्मोकोल, हे चित्रावरून कळत नाही, आणि ते खोके उचलल्यावर दुसऱ्या दिवशी तो अंथरुणातून उठू शकला का, हे तर मुळीच कळत नाही. दीर्घकालीन दुखण्यात बरे आणि वाईट दिवस आलटून पालटून येतात. माणूस बऱ्या दिवशी घराबाहेर पडतो आणि नेमका तोच दिवस आपल्या हाती लागतो. यावर माझ्या माहितीतला उपाय एकच आहे: वेगवेगळ्या दिवशी निरीक्षण करावे, आणि ज्या दिवशी दावेदार बाहेर पडलाच नाही तो दिवसही तितक्याच काळजीने अहवालात नोंदवावा. नवे तपासनीस असे दिवस ‘काही मिळाले नाही’ म्हणून वगळतात. अहवालात पाहिलेली कृती, वेळ, अंतर आणि कोणत्या हाताचा वापर झाला एवढेच लिहावे. ‘सहज’, ‘मजेत’, ‘नाटकीपणे’ यांसारखे शब्द मी लाल शाईने खोडते. कॅमेरा बंद असलेल्या काळाचे कारणही लिहावे, कारण विरुद्ध बाजूचा वकील प्रथम तेथेच बोट ठेवतो. ओळख पटवण्यातही हयगय नको. एकाच घरात राहणारे दोन भाऊ लांबून सारखेच दिसतात.

कायदा देशागणिक बदलतो आणि तो नीट वाचलाच पाहिजे. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाचे दोन निकाल या दृष्टीने शेजारी ठेवून अभ्यासण्याजोगे आहेत. स्पेनमधील एका प्रकरणात अपघातानंतर वाहन चालवण्याची भीती बसल्याचा दावा करणाऱ्या गृहस्थांचे, ते मोटारसायकल चालवत असताना, खासगी गुप्तहेरांनी सार्वजनिक रस्त्यावर चित्रीकरण केले होते. 2014 मध्ये न्यायालयाने त्यात खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग मानला नाही. स्वित्झर्लंडच्या प्रकरणातही पाळत सार्वजनिक जागीच होती, पण 2016 मध्ये तेथे भंग ठरला, कारण सक्तीच्या अपघात विम्यात विमा संस्था सरकारी यंत्रणेसारखी वागत होती आणि पाळतीची परवानगी कोणी द्यावी, ती किती काळ चालावी, मिळालेली माहिती कशी जपावी, हे त्या देशाच्या कायद्यात स्पष्ट नव्हते. त्यानंतर तेथे नवा कायदा झाला आणि नोव्हेंबर 2018 च्या सार्वमतात मतदारांनी तो मान्य केला. त्यानुसार सहा महिन्यांच्या मुदतीत जास्तीत जास्त 20 दिवस पाळत ठेवता येते, ठावठिकाणा शोधणाऱ्या उपकरणासाठी न्यायालयाची परवानगी लागते, आणि पाळत ठेवल्याचे दावेदाराला नंतर कळवावे लागते.

घराच्या उंबरठ्याबाबत मी कोणतीही सवलत देत नाही. इंग्लंडमध्ये वॉरिक विद्यापीठाविरुद्धच्या दाव्यात चौकशी करणारी व्यक्ती बाजार सर्वेक्षण करत असल्याचे भासवून, मनगटाला इजा झालेल्या दावेदार महिलेच्या घरात शिरली आणि तिने लपवलेल्या कॅमेऱ्याने चित्रीकरण केले. 2003 मध्ये अपील न्यायालयाने ते चित्रीकरण पुराव्यातून वगळले नाही, पण अशा वागणुकीबद्दल त्या बाजूवर खर्चाचा भुर्दंड बसवला. ‘म्हणजे पुरावा तर चालला’ असे या निकालाचे वाचन करणारे लोक या व्यवसायात आहेत. त्यांच्या हाताखाली काम शिकू नये. समाजमाध्यमांनाही हाच नियम लावावा. सर्वांसाठी खुले आहे तेवढेच पाहावे, खोट्या नावाने मैत्रीची विनंती पाठवू नये, आणि छायाचित्र टाकल्याची तारीख ही ते काढल्याची तारीख असतेच असे धरून चालू नये.

आपल्या अहवालाचे परिणाम किती दूरवर जातात, याची जाणीव नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हवी. इंग्लंड आणि वेल्समधील 2015 च्या ‘क्रिमिनल जस्टिस अँड कोर्ट्स ॲक्ट’ या कायद्याच्या कलम 57 नुसार दावेदार दाव्याच्या संदर्भात मूलतः अप्रामाणिक ठरला, तर त्याच्यावर घोर अन्याय होईल असे वाटल्याखेरीज न्यायालयाला त्याचा संपूर्ण दावा, अगदी खऱ्या इजेच्या भागासह, फेटाळावा लागतो.

नोकरीच्या मुलाखतीत आपणही दोन गोष्टी विचाराव्यात. दावेदाराला अनुकूल ठरणारे चित्रीकरण संस्था फाइलमध्ये ठेवते का, आणि मोबदला निरीक्षणाच्या तासांवर ठरतो की दावा नाकारला जाण्यावर. दुसऱ्या प्रकारच्या मोबदल्यावर काम करणाऱ्याला उलटतपासणीत हाच प्रश्न विचारला जातो, आणि त्याचे खरे उत्तर दिल्यावर त्याच्या अहवालावर कोणी विसंबत नाही.