घरच्या व्हेप लिक्विडमध्ये चवींचा तोल कसा साधावा

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटच्या उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी आहे, त्यामुळे पुढील माहिती ब्रिटनसारख्या, जिथे हे कायदेशीर आहे अशा देशांत राहणाऱ्या आणि सिगारेट सोडून व्हेपकडे, म्हणजे ई-सिगारेटकडे, वळलेल्या प्रौढ मराठी वाचकांसाठी आहे. ज्यांनी कधी धूम्रपान केलेले नाही, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. येथील प्रमाणे निकोटिनविरहित मिश्रणाची आहेत.

मिश्रणाचा पाया दोन द्रवांचा असतो. प्रोपिलीन ग्लायकॉल, म्हणजे पीजी, पातळ असून चव स्पष्ट पोहोचवते, तर व्हेजिटेबल ग्लिसरीन, म्हणजे व्हीजी, दाट व किंचित गोड असून वाफ भरपूर देते, पण चवीची धार बोथट करते. बहुतेक फ्लेवर पीजीमध्येच विरघळवलेले असल्याने त्यांचे माप पीजीच्या वाट्यातून वजा करावे लागते. मोजणी सिरिंजपेक्षा ०.०१ ग्रॅमपर्यंत अचूक असणाऱ्या काट्यावर करावी, असे माझे ठाम मत आहे, कारण दाट व्हीजी सिरिंजला चिकटून राहते आणि चांगले जमलेले मिश्रण पुन्हा तसेच बनवता येत नाही. एक मिलिलिटर व्हीजीचे वजन १.२६ ग्रॅम आणि पीजीचे सुमारे १.०४ ग्रॅम भरते. फ्लेवरसाठी ढोबळमानाने एक ग्रॅम धरावा.

उदाहरणादाखल ३० मिलिलिटर आंबा-क्रीम घेऊ. आंब्याचा फ्लेवर ६ टक्के म्हणजे १.८ मिलिलिटर, व्हॅनिला क्रीमचा फ्लेवर २ टक्के म्हणजे ०.६, पीजी ६.६ आणि व्हीजी २१ मिलिलिटर. यात आंबा मुख्य आहे आणि क्रीम त्याला केवळ गोलाई देते. क्रीम वाढवले की आंबा मागे पडतो, म्हणून प्रत्येक फ्लेवर आधी एकेकटा, १० मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत करून पाहावा आणि मगच जोडी लावावी. चव फिकी लागली की आणखी फ्लेवर ओतण्याचा मोह होतो, पण प्रमाण फार झाले तर चव वाढण्याऐवजी तिखट, रासायनिक आणि गढूळ होते. अशा वेळी आंबा न वाढवता अर्धा टक्का लिंबाचा फ्लेवर घालावा. आमरसात चिमूटभर मीठ जे काम करते, तेच येथे आंबटपणा करतो. गोडव्यासाठी वापरले जाणारे इथिल माल्टॉल जास्त झाले तर इतर चवी दाबून टाकते, आणि सुक्रालोजमुळे कॉइलवर, म्हणजे द्रव तापवणाऱ्या तारेवर, लवकर काजळी धरते. दोन्ही अगदी थोडी वापरावीत.

फळांची मिश्रणे एकदोन दिवसांत चाखता येतात, मात्र क्रीम, कस्टर्ड आणि तंबाखूच्या चवी मुरायला दोन ते चार आठवडे लागतात. लोणच्याप्रमाणेच येथेही पहिल्या दिवशीच्या चवीवरून निर्णय घेऊ नये. बाटली अंधाऱ्या, थंड जागी ठेवून तिच्यावर तारीख आणि ग्रॅममधील प्रमाण लिहावे.

फ्लेवर मात्र केवळ व्हेपिंगसाठी बनवलेलेच घ्यावेत, याबाबत तडजोड नको. स्वयंपाकघरातले तेलयुक्त इसेन्स, अत्तरे आणि सुगंधी तेले फुफ्फुसांत गेल्यास गंभीर इजा होऊ शकते, आणि साखरेचा पाक कॉइलवर जळतो. खाण्यास सुरक्षित असलेला पदार्थ श्वासातून घेण्यास सुरक्षित असेलच असे नाही: लोण्यासारखी चव देणाऱ्या डायअसिटिलची वाफ श्वासातून गेल्याने अमेरिकेतील पॉपकॉर्न कारखान्यांतल्या कामगारांना फुफ्फुसांचा असाध्य आजार जडला होता. म्हणून क्रीम, कस्टर्ड वा लोण्याचा फ्लेवर घेताना त्यात डायअसिटिल आणि त्याच्याच जातीचे असिटिल प्रोपिओनिल नसल्याची उत्पादकाची लेखी खात्री पाहावी. लिंबू किंवा दालचिनी असलेले मिश्रण काचेच्याच टँकमध्ये, म्हणजे व्हेपच्या द्रव भरण्याच्या टाकीत, भरावे, कारण या चवींमुळे काही प्लॅस्टिकच्या टँकना तडे जातात.